मोटलिंगेनचे पाळक ब्लूमहार्ट

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असता एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. तो असा की, विश्वासणाऱ्याच्या घरी कोणास भूतबाधा झाली, तर पाळकाने अथवा उपदेशकाने काय करावे? विचारणारा बहुधा आवाज खाली आणून विचारतो. कारण मंडळीतीलच कोणी अंधार पडल्यावर भगताकडे जाऊन आल्याचे त्यास ठाऊक असते. ज्या एका पाळकास हाच प्रश्न सुमारे वीस महिने रात्रंदिवस छळीत राहिला, त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

योहान क्रिस्तोफ ब्लूमहार्ट यांचा जन्म 1805 साली जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी, गरीब परंतु भक्तिमान घराण्यात झाला. ट्युबिंगेन येथील विद्यापीठात त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला, व 1830 पासून काही वर्षे स्वित्झर्लंडातील बासेल मिशनच्या शाळेत, परदेशी जाणाऱ्या तरुणांस शिकविण्याचे काम केले. ते तेथे असतानाच, 1834 साली, त्या मिशनचे पहिले तीन सेवक मंगळुरास आले. पुढे धारवाड व हुबळी या बाजूस जे काम उभे राहिले, त्यास ते मिशन दक्षिण मराठा प्रांताचे काम म्हणत असे. तेव्हा हा गृहस्थ आम्हांस अगदीच परका नव्हे.

1838 साली ब्लूमहार्ट यांची नेमणूक मोटलिंगेन येथे झाली व त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. मोटलिंगेन हे काळ्या अरण्याच्या कडेस वसलेले सुमारे पाचशे वस्तीचे शेतकऱ्यांचे खेडे. त्यांच्या पूर्वीचे पाळक बार्थ हे नामांकित उपदेशक होते; परंतु उत्तम उपदेश ऐकून ऐकून लोकांची मने निबर झाली होती, आणि उपासनेत झोपा काढणारे पुष्कळ होते. असे गाव कोणत्या पाळकाने पाहिलेले नाही?

या गावी गॉटलीबिन डिट्टुस नावाची, पंचविशी उलटलेली, अविवाहित व प्रकृतीने अशक्त अशी एक गरीब स्त्री आपल्या भावंडांसह राहत होती. 1840 साली ती मंडळी एका नव्या घरात राहावयास गेली, तेव्हापासून घरात ठोके ऐकू येऊ लागले व तिला भलतेसलते दिसू लागले. 1842 सालच्या वसंतात ही गोष्ट पाळकाच्या कानी आली. ब्लूमहार्ट तिकडे उत्सुकतेने धावत गेले असे कोणी समजू नये. त्यांस हा विषय नकोसा होता, व ती बाईही प्रथम त्यांच्याशी तुटकपणे वागे. त्यांनी पहिली गोष्ट ही केली की, गावच्या मुख्यास व इतर भरवशाच्या माणसांस घेऊन घराची तपासणी करविली. एक डॉक्टरही रात्री तेथे राहून सर्व पाहून गेला. मग त्यांनी तिला ते घर सोडावयास लावून दुसरीकडे ठेविले, की गावात गवगवा होऊ नये. त्या स्त्रीकडे ते रात्री एकटे कधी गेले नाहीत. कोणी तरी साक्षी बरोबर असेच. आमच्या तरुण उपदेशकांनी एवढे तरी नीट ध्यानात घ्यावे.

तथापि घर बदलून पीडा गेली नाही. तिला भयंकर झटके येत, देह ताठ होई, व तिच्या मुखातून तिचे नव्हेत असे आवाज निघत. जून महिन्यात असा एक झटका पाहत असता ब्लूमहार्ट यांस एकाएकी वाटले की, सैतान काय करतो हे आपण पुष्कळ पाहिले. आता प्रभू येशू काय करतो ते पाहावे. त्यांनी तिचे हात जोडून धरले व येशूने साहाय्य करावे एवढीच प्रार्थना तिला म्हणावयास सांगितले. झटका थांबला. त्यांच्या सर्व उपायांचे मूळ हेच. मंत्रविधी नाही, पवित्र पाणी नाही, मार नाही, धूर नाही. प्रार्थना, उपास, शास्त्रवचन आणि धीर, एवढीच त्यांची सामग्री.

दुसऱ्या उपायांचा मोह त्यांच्यापुढे आला नाही असे नाही. त्या देशी ख्रिस्ती धर्म येऊन हजारावर वर्षे लोटली होती, तरी घरोघरी मंत्रतंत्र चालत. गाईगुरांस, तापास, चोर धरण्यास गुप्त शब्द पुटपुटणे, कागदावर काही लिहून अंगावर बांधणे, असले प्रकार लोक पाप न समजता करीत, कारण त्या मंत्रांत त्रैक्य देवाची नावे घातलेली असत. आमच्याकडे ताइतात क्रूस घालून तो ख्रिस्ती झाला असे मानणारे आहेत, त्यांतलाच हा प्रकार. हितचिंतकांनी असलेच उपाय ब्लूमहार्ट यांस सुचविले. सैतानास सैतानाच्या हत्याराने हाकलता येत नाही, असे जाणून त्यांनी ते सर्व नाकारले. आणि चौकशीत असे दिसून आले की, खुद्द त्या बाईच्या बालपणासही अशा उपायांचा स्पर्श झालेला होता.

एका गोष्टीविषयी मात्र आमचे मन स्वस्थ नाही. ते आवाज कोण आहेत, काय म्हणतात, हे ब्लूमहार्ट कित्येक वेळा ऐकून घेत व त्यांच्याशी बोलत. त्यांच्या वृत्तांतात सुया व खिळे देहातून निघाल्याच्या ज्या गोष्टी आहेत, त्या वाचून मनुष्य येशूकडे वळण्यापेक्षा भुतांकडेच अधिक पाहू लागतो. त्यांसही हे जाणवत असावे, कारण तो वृत्तांत त्यांनी 1844 साली केवळ वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांकरिता लिहिला होता. पण त्याच्या नकला त्यांच्या इच्छेविरुद्ध लोकांत पसरल्या.

शेवटची झुंज 1843 सालच्या नाताळात झाली. आता गॉटलीबिनची बहीण कॅथरीनाही ग्रासली गेली. डिसेंबरच्या 28 तारखेस पहाटे, तिच्या मुखातून येशूच जयवंत आहे अशा अर्थाची एक आरोळी निघाली, ती गावात दूरवर ऐकू गेली म्हणतात. त्यानंतर दोघी बहिणी शांत झाल्या.

गॉटलीबिनला झाले ते भूत की मनाचा रोग, याविषयी विद्वानांत आजपर्यंत मतभेद आहेत. आज मानसरोगांचे डॉक्टर अशा झटक्यांस रोगाचे नाव देतात, व पुष्कळ प्रसंगी ते बरोबर असते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातही भूतग्रस्त व फेफरेकरी हे वेगवेगळे सांगितले आहेत. म्हणून फेफऱ्याच्या रोग्याची गोळी बंद करवून त्यास प्रार्थनेस बसविणे हा विश्वास नव्हे, आणि भूत काढण्याच्या नावाखाली कोणास मारणे हा तर पापाबरोबरच, महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने, गुन्हाही आहे.

ब्लूमहार्ट यांच्या चरित्रातील खरे आश्चर्य आमच्या मते त्यानंतर घडले. नव्या वर्षाच्या आरंभी गावातील एक बदलौकिकाचा मनुष्य पाळकाच्या दारी आला व आपल्या पापांचा भार त्याने उघड केला. ब्लूमहार्ट यांनी त्याच्यावर हात ठेवून प्रभूच्या नावाने क्षमेचे आश्वासन दिले. मग दुसरा आला, तिसरा आला. वसंत येईतो गावातील बहुतेक घरांतून माणसे आली. चोरलेल्या वस्तू परत गेल्या, जुनी वैरे मिटली. आणि या अंगीकारांत पाळकास पुनःपुन्हा काय ऐकू येई, तर मंत्रतंत्र. उपासनेस नियमाने येणारी माणसेही त्यांत गुंतलेली होती. इफिसच्या विश्वासणाऱ्यांनी आपली जादूची पुस्तके आणून जाळली, तो प्रेषितांच्या कृत्यांचा एकोणिसावा अध्याय मोटलिंगेनात पुन्हा घडला म्हणावयाचा. भूत एका बाईच्या अंगात दिसले. त्याची मुळे सबंध गावाच्या पेट्यांत आणि ट्रंकांत होती.

दूरदूरचे आजारी येऊ लागले, तेव्हा काही पाळकबंधूंनी तक्रारी केल्या, आणि 1846 साली वरिष्ठांनी बाहेरच्या रोग्यांवर उपचार न करण्याची ताकीद दिली. ब्लूमहार्ट यांनी ती पाळली. परंतु लोकांचा ओघ थांबेना, म्हणून 1852 साली त्यांनी बाड बोल येथील राजाने बांधविलेले स्नानगृह विकत घेतले व तेथे थकल्याभागल्यांकरिता घर उघडले. तेथे अट्ठावीस वर्षे सेवा करून ते 1880 सालच्या फेब्रुवारीत प्रभूमध्ये निजले. त्यांचा मुलगा क्रिस्तोफ, जो त्या झुंजीच्या वर्षीच जन्मला होता, त्याने ते घर पुढे चालविले.

गॉटलीबिनचे काय झाले? बरी झाल्यावर पाळकाने गावातील लहान मुलांची शाळा तिच्या हाती दिली. पुढे ती त्यांच्याच कुटुंबात राहू लागली, त्यांच्याबरोबर बाड बोलला गेली, तेथे तिचा विवाह झाला, आणि ज्यांच्या मनास आजार जडला आहे अशांची तिने 1872 साली मरेपर्यंत शुश्रूषा केली.