पुण्यात शिकलेल्या इंजिनिअरनं सिंध आणि एडनच्या वाळूत पाणी कसं शोधलं?

१५ सप्टेंबर आला की विश्वेश्वरय्यांचा फोटो सगळ्यांच्या स्टेटसला लागतो. मागे म्हैसूरचं कृष्णराजसागर धरण. पण हा माणूस घडला पुण्यात, हे पुणेकरही विसरतात.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुद्देनहळ्ळीचे. घरची परिस्थिती बेताची. बंगळूरमधून बीए करून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, म्हणजे आजच्या सीओईपीत. १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ ला मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाले.

तेव्हा सिंधही मुंबई इलाख्यात होता. तिथल्या सक्करला पाऊस जवळपास नाहीच. सिंधू शेजारून वाहायची, पण पाणी गढूळ, आणि गाळणी टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. १८९० च्या दशकात विश्वेश्वरय्यांना तिकडं पाठवलं. त्यांनी काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर खोदली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळून निघालं आणि तेच पंपानं टेकडीवर चढवलं. नाशिक-नगरकडच्या बायका कोरड्या नदीत झिरे खणतात ना, तोच हिशोब.

पुण्यात प्रश्न उलटा होता. पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. धरणाची भिंत न वाढवता त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीवर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. साठ्याची पातळी आठ फुटांनी वाढली. पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून त्यांनी रॉयल्टी घेतली नाही.

१९०६ ला त्यांना एडनला धाडलं. हे तर रखरखीत बंदर. तिथं समुद्राच्या पाण्याची वाफ करून, ती थंड करून पिण्याचं पाणी काढायचे. हवेतून पाणी काढणारी आजची बरीच मशीन वाफ थंड करूनच चालतात, पण एडनला आधी ती वाफ करायला इंधन जाळावं लागायचं. विश्वेश्वरय्यांनी आकाशाकडं किंवा समुद्राकडं बघण्याऐवजी आतल्या डोंगरांकडं बघितलं. तिथं पडणारा पाऊस लाहेजकडच्या कोरड्या नदीच्या वाळूखाली उतरत होता. वाळूखालच्या पाण्याची उन्हात वाफ होत नाही. म्हणून तिथं विहिरी घेऊन पाणी एडनला आणा, असं त्यांनी सुचवलं. सक्करचीच युक्ती, फक्त इथं वर नदी दिसत नव्हती.

पुढं ते म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ ला भारतरत्न मिळालं. ते सगळं पुस्तकात आहेच.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वय शंभरच्या घरात. १४ एप्रिल १९६२ ला बंगळूरमध्ये त्यांचं निधन झालं.