देवळालीचा आकडेवेडा मास्तर

एम-थ्रीचा बॅकलॉग डोक्यावर असणाऱ्याने गणितावर लिहावं हा विनोदच! पण झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत अंतरवाली सराटीला घरी होतो, लाईट गेलेली. चुलतभावाने कॅल्क्युलेटरवर १११११११११ चा वर्ग करायला घेतला. आठ आकड्यांचं ते यंत्र, त्याने हात टेकले. मग वहीवर गुणाकार केला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. चढत गेलं अन् तसंच उतरलं!

अशा वर्गांना अद्भुत डेम्लो संख्या म्हणतात. डेम्लो हे कोणा परदेशी पंडिताचं आडनाव नव्हे बरं का, ते जी.आय.पी. रेल्वेवरचं स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी नाव देऊन टाकलं.

जन्म १९०५, डहाणूचा. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचे शौकीन. आकडेमोडीचा नाद घरातूनच लागला. फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं, १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तरकी.

आणि हीच गोष्ट नडली. शाळामास्तर अन् विषय असा पोरखेळाचा, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी त्यांना गांभीर्याने घेतलंच नाही. हे मात्र पदरचे पैसे घालून परिषदांना जात, पुस्तिका छापत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा शिकवण्या केल्या. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. आकडे सुटले नाहीत. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जग जागं झालं. कापरेकर तेव्हा सत्तरीत होते!

अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो ती हर्षद संख्या, म्हणजे हर्ष देणारी. हेही बारसं त्यांचंच. आमच्या वहीतल्या त्या सतरा अंकी संख्येची अंकबेरीज ८१. भागून पाहा, बाकी शून्य, आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग!

पण ते खरे अमर झाले १९४९ साली मांडलेल्या ६१७४ मुळे. कोणतेही चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबता. (हीसुद्धा हर्षद: १८ ने भागली की ३४३.) त्यांचंच जन्मसाल घेतलं: १९०५, मग ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या! ते गेले १९८६ ला. तेही करून पाहिलं तर पहिल्याच फटक्यात ८१७२, पुढची वाट तीच.

चुलतभाऊ आता दिसेल त्या मोटरसायकलच्या नंबरावर हा प्रयोग करतोय. परवा ७७७७ ची गाडी आली आणि गडी अडकला. पहिल्याच वजाबाकीत शून्य!