बाळू पालवणकर : चेंडूला मान, माणसाला अवमान

भारतीय क्रिकेटचा आरंभकाळ सांगताना राजेमहाराजांची व धनिकांची नावे अग्रक्रमाने घेतली जातात. परंतु त्या काळातील थोर फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर हे चर्मकार समाजात जन्मले होते आणि महिना तीन-चार रुपयांच्या चाकरीतून पुढे आले होते. त्यांचे चरित्र आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

बाळूंचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. वडील लष्करात नोकरीस होते; त्यामुळे बालपण पुण्याच्या लष्करी वातावरणात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हे खेळ शिकले. महार, चांभार आदी समाजांना फौजेने जी थोडी दारे उघडून दिली, त्यांपैकीच हे एक होते. प्रथम त्यांनी पारशांच्या एका क्लबात तीन रुपये महिन्यावर मैदानाची देखभाल केली. पुढे १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, रेषा आखणे, सरावाची जाळी लावणे ही त्यांची कामे होती. एका इंग्रज सभासदाने त्यांना गोलंदाजीस प्रोत्साहन दिले. तेव्हापासून ते साहेबांना सरावासाठी चेंडू टाकू लागले. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन तासन्‌तास बाळूंसमोर सराव करीत. आपल्याला बाद केल्यास ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. चेंडू टाकण्यास बाळू चालत. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांना कधीच मिळाली नाही.

त्यांच्या गोलंदाजीचे मर्म समजून घेतले पाहिजे. ते डाव्या हाताने संथ चेंडू टाकीत. धाव अगदी थोड्या पावलांची आणि हाताची हालचाल सहज असे. श्रम दिसत नसत. अशा गोलंदाजाचा नेहमीचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर वळतो. बाळूंना तो आतही वळवता येई. शिवाय वेगात सूक्ष्म बदल करून ते चेंडूला उंची देत. चेंडू हवेत रेंगाळे, फलंदाज पुढे सरसावे, आणि टप्पा त्याच्या अपेक्षेआधीच पडे. पावसाने ओलावलेल्या खेळपट्टीवर तर त्यांना खेळणे फारच अवघड होई. जी माती आपण रोज दाबली, तिचा स्वभाव त्यांना ठाऊक असावा यात नवल नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या सरावासाठी केलेली मेहनत हेच त्यांचे शिक्षण ठरले.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांशी सामना खेळायचा होता, तेव्हा बाळूंना घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर जिंकण्याच्या इच्छेने सोवळ्यावर मात केली. पण ती केवळ मैदानापुरतीच. चेंडू सर्वांनी हाताळावा. चहा मात्र बाळूंनी मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून प्यावा, आणि जेवण वेगळ्या पानावर, वेगळ्या जागी घ्यावे, अशी व्यवस्था होती. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी या विसंगतीवर जाहीरपणे बोट ठेवले.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांवर १०९ धावांनी विजय मिळवला. त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता; शिवरामही त्या संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने बहुतेक सामने गमावले. पण बाळूंनी साऱ्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य बांधवांनी त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याचे सांगितले जाते.

तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. पात्रता वादातीत होती. आड आली ती जात. १९२० मध्ये हाच अन्याय पुन्हा होताच शिवराम व विठ्ठल या बंधूंनी जाहीर निषेध करून संघाबाहेर राहणे पसंत केले. त्या दबावाने बाळूंना उपकर्णधारपद मिळाले, आणि कर्णधार मैदानाबाहेर गेल्यावर काही काळ नेतृत्वही लाभले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले व संघाने स्पर्धा जिंकली. जे थोरल्या भावाच्या अजोड कौशल्याला साधले नाही, ते भावंडांच्या संघटित नकाराने साधले.

उत्तरायुष्यातील एक पर्व आम्ही टाळणार नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर ते बाबासाहेबांच्या बाजूस नव्हते. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्यांचा हा निर्णय आम्हांस मान्य नाही. पण त्यासाठी त्यांचे कर्तृत्व पुसून टाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल. बाबासाहेबांचा मार्ग त्यांना पटला नसला, तरी त्या मार्गाची आवश्यकता त्यांच्याच आयुष्याने सिद्ध केली: गुणवत्तेने फाटक उघडले, पण पंक्तीत जागा मिळाली नाही.

१९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना समतेचा धम्म दिला. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, ही बाळूंची नोंद आजही वाचणाऱ्याला थांबवते.

सिद्धगडाच्या कुशीतील वाड्यापाड्यांतून येणाऱ्या आमच्या मुलामुलींनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. हाती आलेले काम कितीही हलके मानले जात असले, तरी त्यातून विद्या मिळवावी. आणि विद्येने मिळालेला मान अर्धवट असेल, तर उरलेला अर्धा एकजुटीने मागावा. बाबासाहेबांनी शिक्षणापाठोपाठ संघटन आणि संघर्ष सांगितला, त्याचे कारण हेच.

नमो बुद्धाय! जय भीम!