गरिबांच्या शाळेतील मास्तर : लिंडन जॉन्सन

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांचे ३६ वे अध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन ह्यांचे नाव पुष्कळांस व्हिएतनामच्या युद्धामुळे ठाऊक आहे. परंतु ते एके काळी दरिद्री मुलांच्या शाळेत मास्तर होते, आणि त्या शाळेत जे त्यांनी पाहिले त्याचे फळ पुढे लक्षावधी लेकरांच्या पदरी पडले, ही गोष्ट थोड्यांसच माहीत असेल. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ उपदेशकांनी मास्तरकीही केली आहे. म्हणून हे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

जॉन्सन ह्यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सास संस्थानात स्टोनवॉल गावाजवळ झाला. पाच भावंडांत ते वडील. त्यांचे वडील संस्थानच्या कायदेमंडळाचे सभासद होते, तरी शेतीत बुडून कर्जबाजारी झाले. आई सुशिक्षित होती व मुलाने शिकावे असा तिचा ध्यास होता. चार वर्षांचे असताना ते जवळच्या लहानशा शाळेत जाऊ लागले, आणि तेथील बाई त्यांस मांडीवर घेऊन वाचावयास शिकवीत. शालेय शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी रस्त्यावर मजुरी केली. १९२७ मध्ये उसने पैसे घेऊन ते सॅन मार्कोस येथील शिक्षकांच्या कॉलेजात दाखल झाले.

पुढे पैसा संपला, तेव्हा १९२८ मध्ये अभ्यास थांबवून त्यांनी कोटुला गावी एक वर्ष नोकरी धरली. तेथील शाळेत मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांची मुले शिकत. पुष्कळ मुले उपाशी पोटी येत. गोऱ्या लोकांची तुच्छता त्यांच्या नित्य परिचयाची होती. वीस वर्षांच्या ह्या मास्तराने आपल्या पहिल्या पगारातून मुलांकरिता खेळाचे साहित्य आणले, वक्तृत्वाच्या स्पर्धा सुरू केल्या, आणि मुलांस इंग्रजी बोलता यावे म्हणून कडक शिस्त लावली. तरीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली ती ही, की मास्तराने कितीही अंग मोडून कष्ट केले तरी गरीब वस्तीची शाळा गरीबच राहते.

ह्याचे कारण त्या देशाच्या रीतीत होते. तेथे शाळांचा मोठा खर्च त्या त्या ठिकाणच्या घरे-जमिनींवरील करांतून चाले. जेथे श्रीमंतांची घरे तेथे शाळेस पैसा भरपूर, आणि जेथे मजुरांच्या झोपड्या तेथे पुस्तकांचीही वाण. ज्या लेकरास अधिक साहाय्याची गरज, त्यासच कमी मिळे.

जॉन्सन राजकारणात शिरले. १९३५ मध्ये सरकारी तरुण-साहाय्य खात्याचे टेक्सासमधील प्रमुख ह्या नात्याने त्यांनी गरीब विद्यार्थ्यांस कामे देऊन त्यांचे शिक्षण चालू ठेवले. १९३७ मध्ये ते प्रतिनिधिगृहात व १९४८ च्या निवडणुकीने सिनेटात गेले. त्या काळात काळ्या लोकांच्या हक्कांच्या कायद्यांविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षे मत दिले, हेही सत्य सांगितले पाहिजे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी ह्यांचा खून झाला व उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाले. तेव्हा मात्र त्यांनी आपली सारी शक्ती दुसऱ्या बाजूस लावली. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि वंशभेद पाळणाऱ्या संस्थेस मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळणार नाही असे ठरले.

ह्यानंतर शाळांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. शाळांस मध्यवर्ती सरकारने सर्वसाधारण मदत द्यावी असे प्रयत्न पूर्वी झाले होते. पण रोमन कॅथलिक मंडळीच्या शाळांस वाटा द्यावा की नाही ह्या वादात, व वंशभेदाच्या भांडणात, ते बुडाले. जॉन्सन ह्यांच्या सरकारने युक्ती काढली की, मदत शाळेच्या नावे न मोजता गरीब मुलाच्या नावे मोजावी. ज्या भागात वर्षाला २,००० डॉलरांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची मुले अधिक, त्या भागास रक्कम अधिक. ह्या एका कलमाखाली पहिल्या वर्षी सुमारे १ अब्ज डॉलर मंजूर झाले.

११ एप्रिल १९६५ रोजी जॉन्सन ह्यांनी त्या कायद्यावर सही केली. तो झावळ्यांचा रविवार होता. गाढवीच्या शिंगरावर बसून आलेल्या नम्र राजाची ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी आठवण करते. सही राजधानीत झाली नाही. ज्या लहानशा शाळेत ते प्रथम गेले तिच्यापाशी ते आले, आणि ज्या बाईंनी मांडीवर घेऊन वाचावयास शिकविले त्या वृद्ध बाईंस शेजारी बसवून त्यांनी सही केली. कोटुला येथील त्यांचे काही जुने विद्यार्थीही तेथे उपस्थित होते.

कायद्याने सर्व काही साधले असे नाही. दक्षिणेतील शाळांनी पैशासाठी तरी वंशभेदाच्या भिंती पाडण्यास आरंभ केला, हा मोठा लाभ झाला. परंतु कित्येक ठिकाणी अधिकाऱ्यांनी गरिबांचा पैसा दुसऱ्याच कामांकडे वळविला. १९६९ मध्ये एका अहवालाने हे उघडकीस आणले, आणि मग नियम कडक झाले. तो कायदा वेळोवेळी नवा करण्यात आला. १९९४, २००२ व २०१५ ह्या वर्षीही झाला.

जॉन्सन ह्यांच्या हातून व्हिएतनामच्या युद्धाचा विस्तार झाला. त्यात असंख्य माणसे मेली, गरिबीविरुद्ध लागणारा पैसा व लोकांचा विश्वास दोन्ही आटले, आणि १९६८ मध्ये त्यांनी पुन्हा निवडणुकीस उभे न राहण्याचे जाहीर केले. २२ जानेवारी १९७३ रोजी ते आपल्या शेतावरील घरी मरण पावले. एकाच मनुष्याच्या हातून किती भले व किती वाईट घडते हे पाहून आपण दुसऱ्याचा न्याय करण्यास भ्यावे, व आपल्या हातांची परीक्षा करावी.

बंधुभगिनींनो, आपल्या गावच्या शाळेतही गरीब लेकरांकरिता सरकारी साहाय्य येते: मोफत पुस्तके, दुपारचे भोजन, शिष्यवृत्त्या. शाळा व्यवस्थापन समितीत आईबापांस जागा ठेवलेली आहे. परंतु ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याच्याजवळ दाखला नाही, ज्याला मुदत कळली नाही, त्याच्या मुलाचा वाटा मुकाट्याने बुडतो. उपदेशकाने रविवारी देवाचे वचन सांगावे, आणि सोमवारी त्या आईबापांजवळ बसून अर्ज भरून द्यावा. समितीच्या सभेस जावे व पैसा कोठे गेला हे नम्रपणे पण निर्भयपणे विचारावे. लेकरांस जवळ बोलावणाऱ्या प्रभूच्या सेवकास हे काम परके नाही.