माइल्स, तूसुद्धा?

आवडत्या बँडने सगळं सोडून भलतंच काहीतरी वाजवायला घेतलं, की तुम्ही काय करता? पहिल्या मिनिटाला ‘हे काय आता?’, दुसऱ्या मिनिटाला त्यांचाच जुना अल्बम लावता आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर करता की, तो आता पूर्वीचा राहिला नाही. हा राग काही आपल्या पिढीचा शोध नाही. माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याने तो निम्मं आयुष्य झेलला.

माइल्स १९२६ चा. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या आल्टन गावात जन्म, वडील दातांचे डॉक्टर, घरचं बरं चाललेलं. अठराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या नामांकित ज्युलियार्ड संस्थेत तो संगीत शिकायला गेला खरा, पण सगळं लक्ष रात्रीच्या क्लबांत. सॅक्सोफोनचा बादशहा चार्ली पार्कर तिथे वाजवायचा. थोड्याच दिवसांत माइल्स त्याच्याच बँडमध्ये! कॉलेज अर्थातच सुटलं. (घरी याचा दाखला देऊ नका.) पार्करचं बीबॉप म्हणजे सुसाट वेग. माइल्सने चार-पाच वर्षांत तो वेगच उतरवला आणि ‘कूल’ जॅझकडे वळला. मधे हेरॉइनचं व्यसन लागलं, त्यातूनही बाहेर आला. मग १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’. पाच रचना, दोन दिवसांचं रेकॉर्डिंग. जॅझ कधीच ऐकलं नसेल तर इथून सुरुवात करा, रात्री, दिवे बंद करून.

एवढ्या एका अल्बमवर माणूस आयुष्य काढू शकला असता. उत्तम शिवलेला सूट, नेहमीचे क्लब, नेहमीची फर्माईश. पण साठच्या दशकाच्या शेवटी तरुण पोरं रॉककडे गेली होती. माइल्सची तेव्हाची बायको बेटी मेब्री स्वतः गायिका होती. तिने त्याला जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन यांच्या संगीताच्या नादी लावलं. सूट गेले, लेदर आलं. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉक संपला आणि दुसऱ्याच दिवशी माइल्स न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ‘बिचेस ब्रू’ वाजवत होता. (हे नाव घरात मोठ्याने वाचू नका.) एकाहून जास्त ड्रमर, इलेक्ट्रिक पियानो, इलेक्ट्रिक गिटार. गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, तोच, ज्याने पुढे आपल्या झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ काढला. शीर्षक रचनाच सत्तावीस मिनिटांची, आणि निर्माता टिओ मसेरोने टेप कापून जोडून ती घडवलेली.

जुने चाहते भडकले. त्यांना हसू नका. जॅझ ऐकायला त्यांनी वर्षं घातली होती. कोणी काय वाजवलं, त्याला दुसऱ्याने काय उत्तर दिलं, हे टिपण्यात त्यांचा आनंद होता. इथे सगळा गजर एकत्र कानावर कोसळत होता. शिवाय रॉकने जॅझवाल्यांच्या पोटावर पाय आणला होता, आणि ज्याला आपला पुढारी मानलं तोच पलीकडे गेला. पैशासाठी विकला गेला, हा आरोप पुढे वीस वर्षं होत राहिला.

आरोप अगदीच हवेतला नव्हता. रेकॉर्ड कंपनीला तरुण गिऱ्हाईक हवं होतं, माइल्सलाही. ‘बिचेस ब्रू’ खपलाही दणकून. पण १९७० मध्ये हाच माणूस वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ग्रेटफुल डेडसारख्या पोरांच्या बँडच्या आधी, ओपनिंगला वाजवत होता, राव. आणि १९७२ चा ‘ऑन द कॉर्नर’ घ्या. त्यात तबला आहे, सतार आहे, एकच ठेका घोटत बसलेला आहे. समीक्षकांनी तो झोडपला, लोकांनीही फारसा घेतला नाही. विकलाच गेला असेल तर हिशेबात फारच कच्चा म्हणायचा! आज हिप-हॉपवाले त्या अल्बमचं ऋण मानतात, ते खूप नंतर.

त्याचं सगळंच ग्रेट होतं असं मी म्हणणार नाही. १९७५ नंतर तो काही वर्षं गप्पच झाला. परतल्यावर मायकल जॅक्सन आणि सिंडी लॉपरची गाणी ट्रम्पेटवर वाजवली, ती मला पातळ वाटतात. पण एक बघा. ‘काइंड ऑफ ब्लू’साठी हळहळणाऱ्यांचा लाडका माइल्स आधीचे दोन माइल्स मोडूनच तयार झाला होता. तो चाहत्यांसाठी बदलायचा थांबला नाही, एवढंच. ते चाहते झाले त्याआधीचे बदल त्यांना चालले होते.

जुनं वाजव, ही मागणी त्याने अनेक वर्षं धुडकावली. मग ८ जुलै १९९१ ला स्वित्झर्लंडच्या माँट्रोमध्ये, क्विन्सी जोन्सच्या आग्रहाखातर, तो पूर्ण ऑर्केस्ट्रासमोर पन्नासच्या दशकातल्या रचना घेऊन उभा राहिला. तब्येत खालावलेली, अवघड जागा सांभाळायला शेजारी तरुण ट्रम्पेटवादक वॉलेस रोनी. २८ सप्टेंबरला माइल्स गेला, पासष्टाव्या वर्षी. त्याच वर्षी ईझी मो बी या हिप-हॉप निर्मात्याबरोबर तो एक अल्बम करत होता, तो अर्धवट राहिला. दुसऱ्याने पुरा केलेला तो अल्बम, ‘डू-बॉप’, १९९२ मध्ये आला. समीक्षकांनी त्यालाही नावं ठेवली.