टॉलस्टॉयचे पहिले पान

(द्वितीय वर्ष कला)

लिओ टॉलस्टॉय म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो लांब पांढऱ्या दाढीचा, शेतकऱ्यासारखा सदरा घातलेला ऋषितुल्य म्हातारा. गांधीजींनी १९१० साली जोहान्सबर्गजवळच्या आपल्या वसाहतीला ज्याचे नाव दिले, तो हा टॉलस्टॉय. मला मात्र या म्हाताऱ्यापेक्षा जवळचा वाटतो तो पस्तिशीतला टॉलस्टॉय. कादंबरीच्या पहिल्याच पानाशी अडलेला, लिहिलेला कागद बाजूला सारून पुन्हा नवा कागद पुढे ओढणारा!

त्याचा जन्म १८२८ सालचा, मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या यास्नाया पोल्याना या वडिलोपार्जित जहागिरीतला. घराणे सरदारांचे. पण दोन वर्षांचा होण्याआधीच आई गेली आणि नऊ पुरी होण्याआधी वडील. कझानच्या विद्यापीठात त्याने १८४४ साली नाव घातले आणि तीन वर्षांनी पदवी न घेताच तो घरी परतला. (प्राध्यापकांनी राग मानू नये. आम्हांला हे परवडणारे नाही, हे आम्ही जाणतो.) पुढे जुगार, कर्ज, मग कॉकेशसमध्ये फौजेतली नोकरी. तिथेच 'बालपण' लिहून झाले आणि १८५२ साली छापले गेले. सेवास्तोपोलचा वेढा त्याने तोफखान्याचा अधिकारी म्हणून आतून पाहिला. १८६२ साली चौतिसाव्या वर्षी त्याने अठरा वर्षांच्या सोफियाशी लग्न केले. आता घर होते, पैसा होता, नाव झाले होते. मग अडले कुठे?

त्याला कादंबरी लिहायची होती ती एका डिसेंब्रिस्टाची. झारविरुद्ध १८२५ च्या डिसेंबरात काही तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला. तो फसला. पाच जणांना फाशी झाली, कित्येकांना सैबेरियात धाडले. तीस वर्षांनी, १८५६ साली, जे जिवंत उरले त्यांना माफी मिळाली. असा एक म्हातारा बायकोमुलांसह मॉस्कोला परत येतो, ही त्या कादंबरीची सुरुवात. तीन प्रकरणे झालीही. पण हा माणूस कळायचा तर त्याचे बंड कळले पाहिजे, म्हणून टॉलस्टॉय १८२५ पर्यंत मागे गेला. बंड कळायचे तर त्याचे तारुण्य कळले पाहिजे. ते तर नेपोलियनच्या स्वारीत, १८१२ साली गेलेले. आणि १८१२ चा विजय सांगायचा, पण त्याआधीचे पराभव झाकून ठेवायचे, याची त्याला लाज वाटली. म्हणून तो आणखी मागे १८०५ वर, ऑस्टरलिट्झच्या पराभवाच्या वर्षावर जाऊन थांबला. लिहायचे होते १८५६ चे आणि आरंभ झाला अर्धशतक आधी!

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. माझ्या आजोबांवर काही लिहावे असे माझ्या मनात आहे. आमच्या घरातला कॉलेजात आलेला मी पहिलाच. ही गोष्ट माझ्या प्रवेशापासून सांगायची, की आजोबा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले तिथून? की त्यांच्याही वडिलांची जमीन गेली तिथून? सरदारपुत्र टॉलस्टॉयला आपल्या माणसांची वंशावळ कागदोपत्री मिळत होती. आमच्याकडे आजीची आठवण, एवढाच कागद.

वर्ष ठरले तरी पहिले पान ठरेना. 'युद्ध आणि शांती'च्या आरंभाचे पंधरा खर्डे उरले आहेत. कधी इतिहासाची लांबलचक प्रस्तावना, कधी मॉस्कोतल्या एका घरातला समारंभ. शेवटी जे टिकले ते अगदी साधे आहे. १८०५ चा जुलै महिना, पीटर्सबर्गमधल्या एका बाईंची मेजवानी, आणि ज्या फ्रेंचांशी युद्ध होणार त्यांच्याच भाषेत चाललेल्या प्रतिष्ठितांच्या गप्पा. प्रस्तावना नाही, ओळख नाही; आपण थेट दिवाणखान्यात! हे सारे खर्डे रात्री जागून सोफियाने सुवाच्य अक्षरात पुन्हा पुन्हा उतरवले, तेही बाळंतपणे सांभाळत. टॉलस्टॉयच्या चिकाटीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्या बोटांचाही विचार करावा, असे मला वाटते. १८६९ साली ग्रंथ पूर्ण झाला.

एवढा अनुभव गाठीशी आल्यावर पुढचे सोपे जावे ना? पण नाही. पुढे त्याने पीटर द ग्रेटच्या काळावर कादंबरी घेतली आणि तिचे आरंभ डझनावारी लिहून सोडून दिले. त्या काळातली माणसे रोज कशी जगत, काय विचार करीत, हे त्याला दिसेना. मग १८७३ च्या मार्चमध्ये घरात पडलेले पुश्किनचे पुस्तक त्याने सहज उघडले. त्यात एका अपुऱ्या कथेची सुरुवात होती. पाहुणे जमू लागले आहेत, बस्स. टॉलस्टॉय खूश झाला आणि लगेच लिहायला बसला. ती 'ॲना कॅरेनिना'. गंमत अशी की त्या दिवशी लिहिलेली सुरुवातही पुढे जागेवर राहिली नाही. तो प्रसंग दुसऱ्या भागात गेला, आणि कुटुंबांच्या सुखदुःखाचे ते जगप्रसिद्ध पहिले वाक्य नंतरच्या खर्ड्यांत आले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा आरंभ. 'पुनरुत्थान' या कादंबरीची हकिकत त्याला १८८७ साली कोनी नावाच्या कायदेपंडिताने सांगितली होती. ज्युरीत बसलेल्या एका श्रीमंत माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात एक वेश्या दिसते, आणि आपणच कधीकाळी नासवलेली मुलगी ती हीच, हे तो ओळखतो. टॉलस्टॉयने लेखन सुरू केले ते त्या श्रीमंतापासून. गाडे अडले, वर्षे गेली. १८९५ च्या नोव्हेंबरात फिरायला गेला असताना त्याला उमगले की सुरुवातच खोटी आहे. आरंभ तिच्यापासून, कष्टकऱ्यांच्या जगण्यापासून व्हायला हवा. खरे चित्र ते, जहागीरदार ही नुसती सावली. तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता, आणि त्याने पुन्हा पहिले पान घेतले! छापील कादंबरीत वसंतातली सकाळ आहे, तुरुंगाचा दरवाजा आहे, आणि कोर्टात नेण्यासाठी बाहेर काढलेली कात्युशा मास्लोवा आहे. जहागिरीवरच्या एका अविवाहित मोलकरणीची ही मुलगी. आजवर कथेत मागे उभ्या राहणाऱ्या असल्या बाईला त्याने दाराशी आणून उभे केले. १८९९ साली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि तिचा पैसा त्याने छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथाच्या शेतकऱ्यांना कॅनडात जाता यावे म्हणून दिला.

१९१० साली अस्तापोवो नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनात तो वारला. ज्या डिसेंब्रिस्टाच्या म्हातारपणापासून हे सारे सुरू झाले, त्याच्याकडे तो १८७७ नंतर पुन्हा एकदा वळला होता. नवे आरंभ केले, तेही सोडले. ती कादंबरी झालीच नाही. १८८४ साली तिची ती जुनी तीन प्रकरणे तेवढी छापून आली.