६१७४ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या कोल्हापूरच्या गाडीची नंबरप्लेट एमएच ०९ ने सुरू होते. यातलं ०९ स्ट्रिंग म्हणून ठेवलं तर शून्य शाबूत राहतं. इंटिजर केलं की उरतो नुसता ९. आणि सी भाषेत थेट ०९ लिहिलं, तर कंपायलर तो अष्टमान पद्धतीतला आकडा समजतो आणि एरर देतो, कारण त्या पद्धतीत ९ नाहीच! स्ट्रिंगचा इंटिजर करायचा प्रोग्रॅम लॅबमध्ये सगळेच लिहितात. मला तो लिहिताना एक शाळामास्तर आठवतात. हेच काम त्यांनी आयुष्यभर कागद-पेन्सिलीवर केलं.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ ला रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीला शिक्षक.

आपलं फंक्शन काय करतं? प्रत्येक अक्षराच्या कोडमधून ४८ वजा करतं, आधीच्या उत्तराला १० ने गुणून त्यात मिळवतं. म्हणजे आधी अक्षरं, मग संख्या. कापरेकर या दोन्हींत सारखी ये-जा करायचे. ४५ चा वर्ग २०२५. ही स्ट्रिंग मधोमध कापा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५!

त्यांचा एक शोध तर नाद खुळा. कोणतेही चार अंक घ्या, उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि हेच करत राहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि तिथंच थांबतो. फॅन्सी नंबरवाल्यांचं ७७७७ मात्र पहिल्याच फटक्यात शून्य! २१११ घेतलं तर पहिली वजाबाकी ९९९. इथं ते ०९९९ असंच धरायचं, मग ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पुढचं शून्य इंटिजरनं खाल्लं तर ९९९ वजा ९९९, खेळ खलास. म्हणून हा प्रोग्रॅम लिहिताना दर फेरीत चार जागा भरून घ्याव्या लागतात.

त्या काळच्या अनेक गणितज्ञांना हे सगळं किरकोळ वाटायचं. आक्षेप असा की हे गुण संख्येचे नाहीत, ती दहाच्या पायात लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आक्षेप बरोबरच आहे, पण मला तो दोष वाटत नाही. संख्या लिहिली कशी जाते, याच प्रश्नावर आपलं अर्धं इनपुट-आउटपुट उभं आहे. (देवनागरीत ६१७४ टाइप करून बघा. पायथॉन बिनतक्रार इंटिजर करतं, सीचं जुनं फंक्शन शून्य देतं.)

मोठी नियतकालिकं दाद देत नव्हती, तेव्हा कापरेकर साध्या मासिकांत लिहायचे, नाहीतर स्वतःच पुस्तिका छापायचे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९६६ मध्ये पत्नी गेली होती, पेन्शन पुरत नव्हती, पोटासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करायचे. १९८६ मध्ये देवळालीलाच ते वारले.